पणतीएवढी छबी

राजे होते आणि घड्याळं नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनीही ऐकावी. मोठ्यांना तर जास्तच गरज आहे.

एका गावात एक कुंभारीण होती. हात मातीत, जीभ तिखट. घरात तिची म्हातारी सासू; तिला ती आत्या म्हणायची. सासूच्या धाकट्या मुलाला नदीनं नेलं आणि रडून रडून म्हातारीचे डोळे जात आले होते. थोडंसंच दिसत होतं. वैद्य म्हणाला, "महिनाभर दिसेल. पुढं अंधार."

राजवाड्यात एक छबीवाला होता. त्यानं त्या मुलाची छबी एका जत्रेत काचेवर घेतली होती, पण कागदावर उतरवायची राहूनच गेली. कुंभारीण त्याच्याकडे गेली.

"राजाबरोबर दोन महिने जायचंय मला," तो म्हणाला. "आल्यावर बघू."

"तोवर आत्याचे डोळे राहायचे नाहीत. मला सांगा, मी घरी करते."

छबीवाला हसला. "चिखल तुडवणारीचं काम आहे का हे? बरं, घे. तीनच कागद आहेत. वाया गेले की माझी आठवण काढ."

पण माणूस वाईट नव्हता. त्यानं काच दिली, औषधी पाणी दिलं आणि नीट सांगितलं. अंधाऱ्या खोलीत तांबड्या कापडानं झाकलेला कंदील ठेवायचा. कागदावर काच ठेवून दिव्याचा उजेड द्यायचा, मोजून. मग तीन परातींत तीन औषधी पाणी: पहिल्यात छबी उगवते, दुसऱ्यात थांबते, तिसऱ्यात पक्की होते.

घरी म्हातारीनं काच नाकाशी धरली. चेहरा काळा, केस पांढरे. "हे माझं पोर नव्हे गं. हे भूत!"

"उलटं आहे ते, आत्या. सुलट करते."

धान्याच्या खोलीला तिनं घोंगड्या लावल्या आणि भर दुपारी कामाला बसली. पहिला कागद परातीत टाकताच सगळा काळा झाला. ती चिडून अंधारात तशीच बसून राहिली. डोळे सरावले, तेव्हा कौलातून आलेला सुईएवढा उजेड दिसला. ओल्या मातीचा गोळा लावून तिनं तो बुजवला.

दुसऱ्या कागदाला तिनं अंदाजानं उजेड दिला. छबी उगवली ती धुक्यातल्या माणसासारखी. नाक नाही, डोळे नाहीत.

उरला एक.

"राहू दे तो," म्हातारी म्हणाली. "छबीवाला आला की करेल."

"तेव्हा तुम्ही कशानं बघणार, कानानं?"

बोलली खरी, पण कागदाला हात लावला नाही. ती बाहेर भट्टीपाशी जाऊन बसली. तिथं एक वेडीवाकडी पणती पडली होती. नवी माती आणली की कुंभार आधी तिची एक पणती भाजून बघतात, मग मडकी. कुंभारणीनं कपाळाला हात लावला. मातीसाठी जे जन्मभर केलं, ते कागदासाठी सुचलं नव्हतं.

तिनं कात्री घेतली आणि अंधाऱ्या खोलीत कंदिलाच्या तांबड्या उजेडात परत बसली. कात्रीचा आवाज घोंगडीबाहेर म्हातारीला ऐकू गेला.

"अगं, शेवटचा आहे तो! कापतेस काय?"

"शेवटचा आहे म्हणूनच."

दोन बोटं रुंदीची पट्टी तिनं काचेखाली ठेवली आणि वरून खापरानं झाकली. दिव्याचा उजेड दिला आणि मडकी ठोकायच्या थापीनं जमिनीवर ठोके मोजायला लागली. दर पाच ठोक्यांना खापर थोडं मागं. पट्टी पाण्यात गेली. पाच ठोक्यांचा भाग पुसट, दहाचाही पुसट, विसाचा कोळसा. पंधराचा मात्र माणसाच्या गालासारखा गाल.

उरलेल्या कागदात पूर्ण माणूस मावेना. जत्रा गेली, पाय गेले. चेहऱ्यापुरताच कागद उरला. तिनं पंधरा ठोके मोजले, ना एक कमी ना एक जास्त. परातीत आधी भुवया आल्या, मग डोळे, मग हसू.

तिन्ही पाण्यांतून काढून, साध्या पाण्यात धुऊन तिनं छबी दोरीवर वाळवली आणि उंबऱ्यात बसलेल्या म्हातारीच्या हाती दिली. म्हातारीनं ती नाकाशी धरली. मग म्हणाली, "बघ, तुटका पुढचा दात. चिंचेवरून पडला होता, वांड कुठला!"

दोन महिन्यांनी छबीवाला आला. म्हातारीला तेव्हा दिसत नव्हतं, पण छबी मांडीवर होती. त्यानं ती निरखली, मग ती पट्टी उचलली. "कुणी शिकवलं?"

"पणतीनं," कुंभारीण म्हणाली.

त्या दिवसापासून राजाची छबी असली, तरी छबीवाला आधी एक पट्टी कापू लागला.

म्हणून सांगतो: हाती शेवटचं उरलं, तर त्यातलंच थोडं आधी चुकायला द्यावं.