महाराजांच्या कॉम्प्युटरातले पाहुणे

सोनखडकीच्या महाराजांचं टक्कल बाजारात पोचलं, आणि देवडीवरच्या गणोजीवर आभाळ कोसळलं.

झालं असं. उदाजीमहाराजांच्या पगडीखाली एकही केस उरला नव्हता. हे ठाऊक फक्त गणोजीला, कारण पहाटे महाराज बोडक्या डोक्यानं फिरायला निघत तेव्हा दार उघडायला तोच असे. एका दुपारी महाराजांनी कडी लावून घेतली आणि आपल्या कॉम्प्युटरवर गुपचूप केस उगवायचं तेल शोधलं. झालं! दुसऱ्या दिवशी बघतात तर पडदाभर तेलाच्या बाटल्या नाचतायत आणि देवडीवर तेलवाल्यांची ही रांग. एक जण तर डोक्याचं माप घ्यायला टेप घेऊन आला होता.

महाराजांचा पारा चढला. फितूर गणोजीच, दुसरा कोण! त्याला कोठडीत टाकलं आणि फर्मान सुटलं, की येत्या अमावास्येला त्यानं राज्य सोडून चालतं व्हावं.

गणोजीची मुलगी वेणू शहरात कॉलेजात शिकलेली. डोकं तल्लख, पण भित्री इतकी, की कुकरची शिट्टी झाली तरी हातातली पळी सोडायची. बापाची बातमी ऐकून ती तडक उठली. वाटेत दोनदा मागे वळली, पण गेली राजवाड्यावरच. आधी तो कॉम्प्युटर बघू द्या, एवढंच तिनं मागितलं. महाराजांनी मिशीतल्या मिशीत हसत परवानगी दिली.

तिनं बटण दाबलं, तोच आतून कुणी बाई ओरडली, "अभिनंदन! आपण हत्ती जिंकलात!" वेणू किंचाळून थेट खिडकीच्या पडद्यामागे. जरा वेळानं एक डोळा बाहेर आला, मग दुसरा, मग ती अख्खी आली. पडद्यावर हवामान सांगणारा पोपट उडत होता, त्याच्या पंखांखालून कुणी फुकट राशिभविष्य विकत होतं, आणि मूळ काम गोगलगाईच्या चालीनं चाललं होतं.

"महाराज," ती चाचरत म्हणाली, "माझा बाबा फितूर नाही. फितूर या डब्यात बसलेत. मनात येईल ती वस्तू यात शोधून बघा. कुणाला सांगू नका. मलासुद्धा नको."

सकाळी देवडीवर उंटाची खोगिरं घेऊन व्यापारी हजर! राज्यात औषधालाही उंट नव्हता, आणि गणोजी तर कोठडीत घोरत होता.

महाराज मनात वरमले. पण राजाचा शब्द, तो मागे कसा घ्यायचा? त्यांनी वेणूला सांगितलं, की हे फितूर काढून दाखव, मग गणोजी सुटला. फक्त एक अट. त्यांच्या घराण्याचं व्रत होतं, दारी आलेल्याला नाही म्हणायचं नाही आणि आत आलेल्याला हाकलायचं नाही. कॉम्प्युटरनं कधीही "येऊ का?" विचारलं, की महाराज म्हणत, "या, बसा." एकाला या म्हटलं की त्याच्या मागून त्याचे चार मेहुणे आत शिरत. शेवटी तर एक जण आला, म्हणाला, तुमच्याकडे फार घाण झालीय, मी झाडून देतो. तोच सगळ्यांत मोठा चोर निघाला.

"कॉम्प्युटर स्वच्छ झाला पाहिजे," महाराज म्हणाले, "आणि एकही पाहुणा हाकलायचा नाही."

वेणू पायरीवर जाऊन बसली. रडू येत होतं. आणि रडता रडता तिला मामी आठवली. मामीकडे पाहुणे ठाण मांडून बसले, की मामी त्यांना अवाक्षर बोलायची नाही. स्वतःच माहेरी निघून जायची!

वेणूनं डोळे पुसले आणि एक कोरी डिस्क मागवली. कॉम्प्युटर उघडून जुनी डिस्क काढली, नवी बसवली, तिच्यावर सगळं नव्यानं मांडलं. महाराजांचे फोटो, पत्रं, हिशेब, त्यांच्या चोरून केलेल्या कविता, एकेक वस्तू खात्रीच्या अँटिव्हायरसनं तपासून मगच आत घेतली. राज्याभिषेकाच्या फोटोंत एक जण लपलेला सापडला, त्याला जुन्या डिस्कवरच राहू दिलं. मग महाराजांना बसवून त्यांचे सगळे पासवर्ड बदलून घेतले, कारण जुन्या किल्ल्या चोरांच्या खिशात होत्या.

महाराजांनी बटण दाबलं. पापणी लवते न लवते तोच पडदा उजळला. पोपट नाही, हत्ती नाही.

"आणि पाहुणे?" महाराजांनी भुवई चढवली.

"जुन्या डिस्कसकट अतिथीगृहात आहेत, रेशमी गादीवर. एकालाही हाकललं नाही, महाराज. यजमानानंच घर बदललं."

महाराजांची मिशी थरथरली, पण हट्ट सुटेना. "उद्या नवे येतील. येऊ का विचारतील. मी नाही म्हणणार नाही. मग काय करशील?"

"वाड्यावर कुणी आलं, तर ते थेट आपल्या शेजघरात येतं का?"

"छे! देवडीवर बसतं."

"तिथं काय होतं?"

"नाव विचारतात, गाव विचारतात, कुणी धाडलं ते विचारतात. बोचकं सोडून बघतात."

"आणि आलेला भामटा असेल तर?"

"बोचकं सोड म्हटलं, की आपल्या पायांनी पळतो."

"मग या कॉम्प्युटरालाही मी देवडी बांधलीय, महाराज. नवा येईल तो तिथंच थांबतो, तपासल्याशिवाय आत जात नाही. आपण नाही म्हणूच नका, देवडीवर बसा म्हणा. फक्त तिथं न चुकता बोचकं सोडायला लावणारा माणूस हवा. राज्यात तसा एकच आहे, आणि त्याला आपण कोठडीत कोंडलाय."

महाराजांनी वेणूकडे बघितलं, कोठडीकडे बघितलं. मग असे हसले, की गच्चीवरची कबुतरं उडाली. कोठडीचं दार त्यांनी स्वतः उघडलं, गणोजीच्या मनगटात सोन्याचं कडं घातलं आणि वेणूला राज्यातल्या साऱ्या कॉम्प्युटरांची कारभारीण नेमलं. आता दोन देवड्या सांभाळायच्या, असं गणोजीला सांगितलं, तेव्हा त्यानं हात जोडून एवढंच विचारलं, "दुसऱ्या देवडीवर दुपारची डुलकी चालेल ना, सरकार?"