जैतूने रानाला हाक घातली

आपल्या आजोबांचे आजोबाही जन्मले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. सह्याद्रीच्या कुशीत उंबरघोळ नावाचा पाडा होता आणि तिथे जैतू शिकारी राहायचा. नुसतं पान हललं तरी मागचं जनावर तो ओळखायचा, असं म्हणतात.

एकदा त्याने भेकर मारलं. जवळ जाऊन पाहतो तर मादी, आणि तिच्या कासेत दूध. तेवढ्यात झुडपातून पाडस आलं आणि मेलेल्या आईला लुचू लागलं. जैतूने ते उचलून घरी आणलं, पण ते काही जगलं नाही. त्याने धनुष्य आढ्याला टांगलं. "आता जीव मारणार नाही आणि खाणारही नाही," तो म्हणाला.

मग दुष्काळ पडला. नाचणी संपली, रानातले कंदही संपले. जैतूची बायको पोशी नुकतीच बाळंत झाली होती. तिला दूध येईना.

"वाघ रोज मारतो. त्याला कधी पाप लागलं का?" ती म्हणाली.

"वाघाला प्रश्न पडत नाही. मला पडतो."

"पडू दे की. पण पोरीला रडायचंही बळ उरलं नाही, ते बघ."

जैतूने धनुष्य काढलं. डोंगरावर जाऊन तो लपला नाही. उघड्यावर उभा राहून ओरडला, "माझी पोर उपाशी आहे. तिच्यासाठी कुणी येईल का?"

वारा नव्हता, तरी रान सळसळलं. एक म्हातारं सांबर बाहेर आलं आणि त्याच्यासमोर गुडघे टेकून बसलं, असं म्हणतात. जैतूने धनुष्य ताणलं. तीर सुटला.

पोशी जेवली, तिला दूध उतरलं. जैतू बाजूला बसून होता. मग त्यानेही आपलं पान मांडलं.

"तू तर सोडलं होतंस ना?" पोशीने विचारलं.

"मारलं मी. आता न खाता स्वच्छ राहिलो, तर ते खोटं होईल," तो म्हणाला, आणि रडत रडत जेवला. त्याने केलं ते बरोबर की चूक, यावर पाड्यात अजून वाद होतात.

पण उंबरघोळात आजही कोंबडं कापायचं झालं, तर घरातली वडीलधारी बाई आधी विचारते, "कुणासाठी?" कुणी म्हणतं बाळंतिणीसाठी, कुणी म्हणतं पाहुण्यासाठी. कधी कुणाला काहीच सांगता येत नाही. मग सुरी खाली ठेवतात, कोंबडं पंख झटकत अंगणात निघून जातं, आणि त्या दिवशी सगळं घर पिठलं-भाकरी खातं.