चिंचेची खालची फांदी

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा शेळ्या बोलायच्या. फक्त त्यांना कुणी काही विचारायचं नाही.

घाटमाथ्यावर एक उजाड गाव होतं. गावाच्या टोकाला एक बहीण आणि तिचा भाऊ राहायचे. ती नऊ वर्षांची, तो सात. गाव त्यांना थोरली आणि धाकटा म्हणायचं, म्हणून आपणही तेच म्हणू. घरात बापही होता, पण तो कधीच काही बोलला नाही, त्यामुळे गोष्टीत त्याला काही काम नाही.

त्यांची आई समुद्राकाठची. नवी नवरी असताना नागपंचमीला तिनं गावातल्या एकुलत्या एक वडावर उंच झोका घेतला होता आणि तिथून तिला घाटापलीकडे एक निळी रेघ दिसली होती. तो समुद्र. ही गोष्ट ती मुलांना रोज सांगायची. मग एका वादळात वड पडला. पुढच्याच वर्षी तापात आई गेली.

तेराव्याला पाहुणे जेवून गेले. मुलांनी परसात एक चिंचोका पुरला. झाड मोठं झालं की त्याला झोका बांधायचा, दोघांनी एकाच फळीवर बसायचं आणि आईची निळी रेघ बघायची. एकट्यानं बघायची नाही. तसं ठरलं.

तिसऱ्या वर्षी रोप थोरलीच्या खांद्याला लागलं. गुडघ्याच्या उंचीवर त्याला बोटाएवढी एक फांदी फुटली होती. तिच्याकडे बघून धाकट्याला एक युक्ती सुचली.

तो म्हणाला, "अक्का, झोका आत्ताच बांधून टाकू. फांदी वर जाईल तशी दोर घेऊन जाईल. मग आपल्याला वर चढायलाच नको."

थोरलीला भावाच्या डोक्याचं फार कौतुक वाटलं. तिनं त्याच्या पाठीवर थाप मारली. दोघांनी दोराचं भेंडोळं फांदीवर ठेवलं, त्याला फळी अडकवली आणि आईच्या जुन्या लुगड्याच्या काठानं एक पक्की गाठ मारली. शेळ्या येऊ नयेत म्हणून भोवती काट्यांचं कुंपण घातलं.

आणि वाट बघायला लागले.

दर नागपंचमीला गावातल्या पोरीबाळी झोके घ्यायला शेजारच्या गावी जायच्या. ही दोघं घरी थांबून बापाच्या काठीनं फांदीची उंची मोजायची. फांदी गुडघ्यावर होती. पुढच्या वर्षीही गुडघ्यावर होती. त्याच्या पुढच्या वर्षी मांडीवर होती असं धाकट्याला वाटलं, पण तो उकिडवा बसला होता.

समुद्र तसा तीन दिवसांच्या वाटेवर होता. मिठाचे बैल घेऊन माणसं जायची-यायची. एका बैलवाल्यानं विचारलंही, की येता का बरोबर. थोरली म्हणाली, नागपंचमी जवळ आली आहे, माप घ्यायचंय.

पुढे थोरलीला एक स्थळ आलं. मुलगा चांगला, घर समुद्राला लागून, अंगणातूनच लाटा दिसायच्या. थोरलीनं नकार दिला. ती गेली असती तर भावाबरोबर समुद्र कसा बघणार? स्थळाकडच्यांना हे कारण नीट कळलं नाही. त्यांनी दोनदा विचारलं आणि मग पाणी पिऊन निघून गेले.

चिंच लावल्याच्या बाराव्या वर्षी एक गोष्ट घडली. धाकटा काठी घेऊन वाकला होता आणि थोरलीच्या मानेत उसण भरली म्हणून तिनं सहज मान मागे टाकली. वर चिंच वाढली होती. घराच्या कौलांच्याही वर एक सरळ, जाडजूड फांदी आडवी पसरली होती. झोक्यासाठीच घडवल्यासारखी.

थोरली बघतच राहिली. तिला सगळं कळलं. झाड शेंड्याकडून वाढतं. खालची फांदी जिथे फुटते तिथेच राहते, फक्त जाड होते.

ती तोंड उघडणार, एवढ्यात धाकट्यानं खालून मान वर केली. त्याचा चेहरा लहानपणी होता तसाच फुलला होता. तो म्हणाला, "अक्का, या वर्षी अर्धं बोट वर आली बघ."

थोरली म्हणाली, "हो, आली."

त्यानंतर तिनं कधी वर बघितलं नाही.

आणखी दहा वर्षं गेली. फांदी माणसाच्या कमरेएवढी जाड झाली आणि गुडघ्यावरच राहिली. तेव्हा धाकट्याला दुसरी युक्ती सुचली. फांदी वर जात नसेल, तर जमीन खाली न्यायची. त्यानं कुदळ घेतली आणि फांदीखाली खड्डा खणायला घेतला. थोरली पाट्या भरभरून माती उचलायची. गावातला एक म्हातारा रोज कुंपणाशी येऊन थांबायचा. एक दिवस त्यानं विचारलं, विहीर का? धाकटा म्हणाला, नाही, झोका. म्हाताऱ्यानं मान हलवली आणि पुन्हा त्या बाजूला आला नाही.

खड्ड्यात मुळं आडवी यायची. धाकटा ती तोडायचा. चार वर्षं खणण्यात गेली. खड्डा दोन पुरुष खोल झाला आणि धाकट्याचे गुडघे कायमचे गेले.

मग नागपंचमी आली. थोरलीनं डोक्याला तेल लावलं, आईचं लुगडं नेसली. भेंडोळं उलगडून दोर खड्ड्यात सोडला. दोघं शिडीनं खाली उतरली, फळीवर शेजारी शेजारी बसली आणि झोका घेतला.

पुढे गेले की माती होती. मागे आले की माती होती.

थोरलीनं विचारलं, "काय दिसतं रे?"

"मुळं," धाकटा म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "तुला?"

"मलाही."

आठ झोके झाले. नवव्याला वर काहीतरी कडाडलं. थोरलीनं भावाला शिडीवर ढकललं आणि स्वतः मागोमाग वर आली. एका बाजूची मुळंच उरली नव्हती, त्यामुळे चिंच घाई न करता दुसऱ्या बाजूला कलली आणि आडवी झाली. बुंध्याची खड्ड्याकडची बाजू आभाळाकडे फिरली. तिच्याबरोबर खालची फांदीही फिरली आणि सरळ उभी राहिली. फळी पार उंचावर जाऊन लटकली. सव्वीस वर्षांनी फांदी वर गेली होती.

आडव्या झाडाचा शेंडा कुंपण मोडून पलीकडे पडला होता. तिथे एक शेळी पाला खात होती. खाता खाता ती म्हणाली, "ही वरची फांदी झोक्याला छान होती. माझी आजी माझ्या आईला नेहमी सांगायची."

थोरलीनं विचारलं, "मग आम्हाला का नाही सांगितलंत?"

"आम्हाला कुंपणाबाहेर ठेवलं होतं," शेळी म्हणाली. "वाटलं, पाल्यासाठी सांगतोय असं समजाल."

थोरली भावाशेजारी जमिनीवर बसली. मग तिनं सांगून टाकलं, की बाराव्या वर्षीच तिनं ती फांदी बघितली होती. त्याला वाईट वाटेल म्हणून बोलली नाही.

धाकटा बराच वेळ गुडघे चोळत राहिला.

"मी चिंचेच्या नवव्या वर्षीच बघितली होती," तो म्हणाला. "तू पाठीवर थाप मारली होतीस ना, म्हणून बोललो नाही."

दुसऱ्या दिवशी मिठाचे बैल समुद्राकडे निघाले. थोरलीनं बैलवाल्याला विचारलं. तो म्हणाला, तुम्ही चला, पण यांना चालवणार नाही आणि बैलांवर धान्य लादलंय, जागा नाही. मग थोरलीही गेली नाही. एकट्यानं बघायचं नाही, असं ठरलं होतं. बैल घाट उतरेपर्यंत त्यांच्या घंटा ऐकू येत होत्या. दोघं खड्ड्याच्या काठावर बसून ऐकत राहिली. वर फळी वाऱ्यानं हलत होती. तिच्यावर कुणी नव्हतं.

तात्पर्य: लहानपणी दोघांनी मिळून मारलेली गाठ, मोठेपणी दोघांनी मिळून एकदा सोडून बघावी.