सटवाजीची नापास खोली

एका गावात एक गवंडी राहायचा, आणि दोन वर्षांपासून त्याच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. त्याचं नाव सटवाजी. त्यानं रचलेली भिंत ओळंब्याला कधी चुकायची नाही. पण आपण बांधतोय ते बरोबर की चूक, हे मात्र हल्ली त्याला सांगता येईना.

गाव उन्हाचं. पश्चिमेला उघडा काळा खडक, मैलभर पसरलेला. वैशाखात तो असा तापायचा की संध्याकाळीसुद्धा त्यावर पाय ठेववत नसे. त्यामुळे त्या गावात घराची परीक्षा घ्यायची एक जुनी रीत होती. नवं घर झालं की वैशाखातल्या दुपारी कोनाड्यात तुपाची वाटी ठेवायची. धनी आणि गवंडी तिथंच शेजारी बसून जेवायचे. जेवण उरकेपर्यंत तूप रवाळ राहिलं तर गवंड्याला शेला मिळायचा. तूप पातळ झालं की गवंडी मुकाट्यानं उठायचा आणि भिंतीला पुन्हा हात घालायचा.

पुढं लोक आळसावले. कशीही घरं बांधू लागले आणि उकडलं की दारांना वाळ्याचे पडदे लावून दिवसभर त्यांवर पाणी मारू लागले. थंडीत घरोघरी शेगड्या धगधगायच्या. तळं आटत चाललं, डोंगर बोडका झाला. तेव्हा राजानं ठरवलं, घरंच अशी बांधायची की पाणीही कमी लागेल आणि लाकूडही. राजाच्या मनात काही खोट नव्हती, बरं का! उलट हे ऐकून सगळ्यांत जास्त आनंद सटवाजीला झाला होता.

पहिला हुकूम आला: भिंती दोन हात जाड हव्यात. सटवाजी म्हणाला, वा! दुसऱ्या वर्षी दुसरा आला: प्रत्येक घराला पश्चिमेला पाच हात रुंद खिडकी हवी. सटवाजी म्हणाला, काय? तिसऱ्या वर्षी हुकूम झाला की छप्पर हातभर खाली घ्या. आता सटवाजी काहीच म्हणाला नाही. आधी भिंत फोडायची, मग छप्पर उतरवायचं, असं त्याचं चालू होतं. नव्या विटांसाठी भट्ट्या पेटल्या आणि शेगड्यांचं वाचलेलं लाकूड त्या भट्ट्यांतच गेलं. पडदेही कमी झाले नाहीत, उलट पाच हातांच्या खिडकीला पाच हातांचा पडदा लागला.

शेवटी तो घरं हुकुमाप्रमाणे आहेत का ते मापणाऱ्या राजाच्या मोजणीदाराकडे, अंताजीपंतांकडे गेला. पंत माणूस सज्जन, पण दोरी हातात आली की त्यांना दुसरं काही दिसत नसे.

“पंत, खिडकी पश्चिमेलाच का?”

“हुकुमात आहे म्हणून.”

“पण आपल्याकडे पश्चिमेला खडक आहे. झळ सगळी तिकडूनच येते.”

पंतांनी कागद उलटसुलट करून पाहिला. “खडकाचा उल्लेख इथं कुठं नाही,” ते म्हणाले.

आता खरी गोष्ट अशी होती की राजाचा वाडा होता दूर, टेकडीवर. वाड्याच्या पश्चिमेला मोठा तलाव. एका दुपारी राजाला त्या खिडकीपाशी गार वाऱ्यात सुरेख झोप लागली होती आणि उठल्या उठल्या त्यानं हा हुकूम सोडला होता. प्रजेलाही अशीच झोप लागावी, एवढाच त्याचा हेतू. पण हे सटवाजीला कोण सांगणार? बिचारा घरी येऊन कपाळाला हात लावून बसला. राजा चुकणार नाही, पंत खोटं बोलणार नाहीत आणि खडक तर समोर तापलेला दिसतोय. मग आपलंच काहीतरी बिघडलंय की काय?

त्यातच त्याची लेक ठकू बाळंतपणाला माहेरी यायची होती. दिवस वैशाखातले. तिचं पहिलं मूल उकाड्यानंच दगावलं होतं, पुरते वीस दिवससुद्धा राहिलं नाही. या खेपेला लेकीसाठी परसात एक खोली बांधायची, असं सटवाजी आणि त्याची बायको सारजा यांनी ठरवलं. सटवाजीनं ती अगदी हुकुमाप्रमाणे बांधली, बोटभरही फरक केला नाही. मग दुपारी कोनाड्यात तुपाची वाटी ठेवली आणि दोघं जेवायला बसली. पहिली भाकरी संपायच्या आत तुपाचं पाणी झालं.

सारजानं वाटीकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले. “अहो, या भट्टीत निजवायची का माझी पोर?”

“मग काय करू? हुकूम मोडला तर थापी जप्त होईल. खोलीही पाडतील.”

“आणि पाळला तर?”

दोन दिवस सटवाजी त्या खोलीभोवती घुटमळत राहिला. हुकूम राजाचा, तो खोटा कसा म्हणावा? तूप घरचं, तेही खोटं बोलणारं नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं सारजाला विचारलं, “मी हुकूम मोडून खोली बदलली तर शहाणा ठरेन की गुन्हेगार?”

“दोन्ही ठराल,” सारजा म्हणाली. “पण आधी ती खिडकी बुजवा.”

त्यानं पश्चिमेची खिडकी चिणून टाकली. उत्तरेला, झाडाच्या सावलीत एक लहान खिडकी काढली. गरम हवा निघून जावी म्हणून छप्पर उंच नेऊन त्याखाली झरोका ठेवला, आणि छपरावर गवताचा जाड थर दिला. सगळं आजाच्या हाताखाली शिकलेलं. पुन्हा वाटी ठेवली. जेवण झालं, विडा झाला, गप्पा झाल्या, तरी तूप होतं तसंच. सारजा हसली. सटवाजीला मात्र घास गोड लागला नाही. त्याचे कान दाराकडेच लागले होते.

ठकू आली, अवघडलेली, उन्हानं लाल झालेली. खोलीत पाऊल टाकलं आणि म्हणाली, “आबा, इथं पाणी मारून ठेवलंय का हो?”

“नाही गं बाई. थेंबसुद्धा नाही.”

चारच दिवसांत अंताजीपंत दोरी घेऊन हजर झाले. भर दुपार, पंतांचं उपरणं घामानं चिंब झालेलं. राजाही त्या दिवशी गावात आला होता, हुकुमाचा गुण किती आला ते बघायला. म्हणून पंतांना घाई होती. त्यांनी भिंत मोजली, छप्पर मोजलं, पश्चिमेची खिडकी शोधून शोधून थकले.

“सटवाजी, भिंती तेवढ्या बरोबर. बाकी खोली नापास. उद्या पाडायची. थापी आण इकडे.”

सटवाजीनं थापी पुढं केली. “थापी न्या, पंत. पण लेकीचं बाळंतपण होईपर्यंत तरी खोली राहू द्या.”

“हुकुमात बाळंतपण नाही,” पंत म्हणाले, पण त्यांचा आवाज पडला होता. “मी जरा इथंच बसून नापास लिहून घेतो.”

ठकू उठून स्वयंपाकघरात गेली. पंत भिंतीला टेकून बसले. एक ओळ लिहिली. मग उपरणं बाजूला ठेवलं. सारजानं पाणी दिलं, ते प्यायले. मग दुसरी ओळ आठवेना. मग लेखणी हातातून गळली.

तिकडे राजा घरोघर फिरून भाजून निघाला होता. जिथं जावं तिथं ओले पडदे आणि पाण्याच्या घागरी. मोजणीदार कुठं आहेत म्हणून विचारत विचारत तो सटवाजीच्या परसात आला. आत बघतो तर अंताजीपंत पाय पसरून घोरताहेत!

राजा आत आला. क्षणभर थांबला. मग तोही खाली बसला. “या गावात पहिल्यांदा बरं वाटलं,” तो म्हणाला. “पडदा कुठं आहे? पाणी कोण मारतं?”

“कुणी नाही, महाराज,” सटवाजी म्हणाला.

पंत दचकून उठले. राजानं त्यांच्या मांडीवरचा कागद घेतला आणि वाचला. मग पुन्हा वाचला.

“ही खोली नापास?”

“होय, महाराज.”

“कुणाच्या हुकुमानं?”

पंत उपरणं सावरू लागले. “आपल्याच.”

राजा गोंधळला. त्यानं खोलीकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, परत खोलीकडे पाहिलं. दोन वर्षं सटवाजीचा जो चेहरा होता, तोच आता राजाचा झाला. सटवाजीनं कोनाड्यातली वाटी काढली आणि राजासमोर उपडी केली. तूप वाटीला चिकटूनच राहिलं. मग त्यानं त्या वाटीची रीत सांगितली.

राजानं ती वाटी हातात घेतली. “मला घरं गार हवी होती,” तो हळूच म्हणाला. “मी खिडक्या मागत बसलो.”

त्याच दिवशी तिन्ही हुकूम रद्द झाले आणि एकच नवा निघाला: वैशाखातल्या दुपारी, पाणी न मारता, घरात तूप वितळता कामा नये, आणि माघात शेगडीवाचून एका घोंगडीत झोप लागली पाहिजे; हे कसं साधायचं, ते त्या त्या गावच्या गवंड्यानं ठरवावं. सटवाजीला थापी परत मिळाली. पंतांच्या हातातली दोरी गेली आणि तुपाची वाटी आली. पहिली परीक्षा त्यांनी स्वतःच्याच घराची घेतली, कारण सगळ्या गावात हुकुमाप्रमाणे सगळ्यांत तंतोतंत बांधलेलं घर तेच होतं. तूप वितळून कोनाड्याखाली ओघळलं. पंतांच्या बायकोनं ते मुकाट्यानं पुसलं आणि म्हणाली, “दोन वर्षं मी दुसरं काय सांगत होते?”

ठकूला मुलगी झाली. बाहेर खडक तापत होता आणि आत ती पोर दुपारभर झोपायची. विसावा दिवस उलटला त्या संध्याकाळी सटवाजी उंबऱ्यात बसून ओक्साबोक्शी रडला. रडू का येतंय, यावर मात्र या वेळी त्याचा काडीचाही गोंधळ उडाला नाही.

तात्पर्य: नियम कशासाठी केला हे विसरून नुसती त्याची मापं पाळली, तर मापं जुळतात आणि माणूस होरपळतो, म्हणून नियम करणाऱ्यानं आधी त्या घरात जाऊन बसावं.