बाजूला ठेवलेली फोड

“म्हणजे बुवा, दिवसाला नक्की किती आवळे?”

अवचितबुवा विळीवर वांगी चिरत होते. चातुर्मास सरला होता, वांगी पुन्हा मठाच्या स्वयंपाकात आली होती. आज आवळीभोजन. सगळा गाव आवळीच्या झाडाखाली एकत्र जेवणार. चिरलेल्या फोडी पातेल्यातल्या पाण्यात पडत होत्या.

“इतकी घाई कशाची, भालचंद्रा?”

झालं! शिष्याची गाडी सुटली ती सुटलीच. लोखंडाला गंज चढतो, तसा शरीरालाही चढतो. आवळ्यात, जांभळात, हळदीत अँटिऑक्सिडंट असतात, ती तो गंज अडवतात. चिरलेलं वांगं हवेनं काळं पडतं ना, अगदी तसंच! हातच्या कांकणाला आरसा कशाला?

“म्हणून मी घरचं जेवणच सोडलं. आवळा, जांभळाची पूड, हळदीचं पाणी. ठरल्या वेळी, माझ्या खोलीत, एकटा. चारचौघांत बसलं की तोंडावर ताबा राहत नाही.”

“वा रे वा! आवळा देऊन कोहळा काढतात, हे ऐकलं होतं. तू तर आयुष्यच काढायला निघालास.”

पलीकडे त्याची बायको कुमुद पोळ्या लाटत होती. मान वर न करता ती म्हणाली, “यांच्या वाटणीची पोळी मी अजून रोज लाटते, बुवा. संध्याकाळी गाईला घालते.”

भालचंद्र वरमला. मग त्याचा आवाज एकदम उतरला.

“वडील बावन्नाव्या वर्षी गेले. मला या महिन्यात बावन्नावं लागलं... बुवा, मला भीती वाटते हो.”



बुवांनी वांग्याची एक फोड उचलली, कोरड्या ताटलीत ठेवली आणि ताटली कट्ट्यावर सरकवली. बाकीच्या फोडी पाण्यात टाकत राहिले.

दुपारी आवळीखाली पंगत बसली. कुमुदच्या शेजारची पत्रावळ रिकामी होती. भालचंद्र आपला डबा उघडून बाजूच्या पारावर एकटाच बसला होता. बुवा आले आणि त्यांनी ती ताटली डब्याला खेटून ठेवली.

फोड काळीठिक्कर पडली होती.

“पडणारच,” भालचंद्र ठासून म्हणाला. “पाण्यात टाकायला हवी होती.”

“छे! हिला मी मुद्दाम जपलं. सगळ्यांबरोबर पाण्यात बुडू नये म्हणून.”

भालचंद्र फोडीकडे बघत राहिला...

मग त्यानं डब्याला झाकण लावलं आणि उठून त्या रिकाम्या पत्रावळीसमोर जाऊन बसला. कुमुदनं काही न विचारता पोळी वाढली, वर तूप घातलं. तिचे डोळे भरून आले होते. त्यानं घास मोडला आणि जेवू लागला.

पण मूळ स्वभाव जातो थोडाच?

“बुवा, आवळे किती, ते राहिलंच की!”

बुवांनी त्याच्या पत्रावळीवर एक आवळा ठेवला.

“रोज अर्धा,” ते म्हणाले. “उरलेला कुणाला दिलास, तेवढं मला सांगत जा.”