लवंगलतेचे अधांतरी पाऊल

एका राज्यात मोदसेन नावाचा राजा राज्य करीत होता. त्याच्या राज्यात हत्ती होते, घोडे होते, आमराया होत्या. पण परमुलखातले लोक यांपैकी काही पाहायला येत नसत. ते येत दोघींना पाहायला. एकीचे नाव हंसावली, दुसरीचे लवंगलता. तुम्ही म्हणाल, गाणाऱ्या पुष्कळ असतात आणि नाचणाऱ्याही पुष्कळ असतात. खरे आहे. पण गाणारी नाचू लागली की तिचा दम फुलतो, आणि नाचणारी गाऊ लागली की तिचा ताल सुटतो. या दोघी गाता गाता नाचत आणि नाचता नाचता गात, आणि दम लागायचा तो बघणाऱ्यांना.

आता एका राज्यात अशा दोघी असल्या की जे व्हायचे तेच झाले होते. अर्धे नगर हंसावलीचे, अर्धे लवंगलतेचे. हंसावलीच्या लोकांची पागोटी पिवळी, लवंगलतेच्या लोकांची तांबडी. पिवळ्याच्या घरची मुलगी तांबड्याच्या घरी देत नसत. राजवाड्यातला आचारी पिवळा आणि वाढपी तांबडा, त्यामुळे राजाच्या पानात एक तर मीठ दोनदा पडे, नाहीतर मुळीच पडत नसे. "दोघींत श्रेष्ठ कोण?" असे कोणी विचारले की महाराजांना ठसका लागे. राजा असूनही तो शहाणा होता.

आणि त्या दोघी? समोरासमोर आल्या की एक पूर्वेकडे बघे, एक पश्चिमेकडे.

त्या वर्षी वसंतोत्सवात भर सभेत एक मांत्रिक आला. त्याचे नाव जडभैरव. तो ज्या गालिच्यावर बसला, त्या गालिच्याचा तेवढा तुकडा दगडाचा झाला. तो म्हणाला, "राजा, जगात जे जे उत्तम ते ते माझ्या महालात आहे. उत्तम मल्ल आहे, उत्तम आचारी आहे, उत्तम धनुर्धर आहे. गाऊन नाचणारी तेवढी नाही. सांग, या दोघींत श्रेष्ठ कोण?"

राजाला ठसका लागला. "त्यांनाच विचारा," तो कसाबसा म्हणाला.

जडभैरव हंसावलीकडे वळला. एरवी हा प्रश्न येताच 'मी' हे उत्तर तिच्या जिभेवर तयार असे. पण तिची नजर त्या दगडी गालिच्यावर गेली आणि ती एक पाऊल मागे सरली. ती म्हणाली, "लवंगलता श्रेष्ठ."

पिवळ्या पागोट्यांनी तोंडात बोटे घातली. लवंगलतेला तर आभाळ ठेंगणे झाले. "ऐकलंत ना, लोकहो? हिच्या तोंडून ऐकलंत ना?" असे म्हणून ती खळखळून हसली. ती हसत असतानाच मांत्रिकाने हातातला काळा गोटा तिच्या कपाळाला लावला, आणि ती दगडाची झाली. हसू तेवढे तोंडावर तसेच राहिले.

"येत्या पुनवेच्या सूर्यास्ताला दगड हिच्या काळजापर्यंत पोचेल," जडभैरव म्हणाला. "मग ही कायमची माझी." त्याने तिला काखोटीला मारले आणि तो चालता झाला. शिपायांनी बाण सोडले. बाण त्याच्या पाठीवर आपटून गवताच्या काड्यांसारखे खाली पडले.

आता हंसावलीला रान मोकळे झाले. तिने गावे, सगळ्यांनी माना डोलवाव्यात. तिने नाचावे, सगळ्यांनी टाळ्या पिटाव्यात. तांबडी पागोटीसुद्धा डोळे पुसत पुसत टाळ्या पिटू लागली. पण तिला अन्न गोड लागेना. गिरकी घेताना तिच्या मनात यायचे, आता हे पाहून कोण जळणार? आणि गिरकी अर्ध्यावरच मरून जायची. शेवटी ती राजाकडे गेली.

"महाराज, त्या दिवशी मी खोटं बोलले."

"म्हणजे लवंगलता श्रेष्ठ नाही?"

"ते मला ठाऊक नाही. पण ती श्रेष्ठ वाटली म्हणून मी तिचं नाव घेतलं नाही. मी भ्यायले होते. माझ्या भित्रेपणापायी ती दगड झाली. मी तिला आणायला जाते."

राजाने घोडा देऊ केला, तलवार देऊ केली. तिने फक्त आपले चाळ घेतले.

नगराच्या वेशीबाहेर बाभळीच्या कुंपणावर एक नाचण पक्षी बसला होता. तुम्ही पाहिला असेल. मूठभर जीव, पण शेपटीचा पंखा करून अखंड नाचतो, आणि नाचताना शीळ घालायची थांबत नाही. तो म्हणाला, "हंसावलीबाई, माझ्याच जातीच्या आहात म्हणून सांगतो. खोट्या शब्दानं अडकलेलं माणूस खऱ्या शब्दानंच सुटतं. पण तिथं जायच्या वाटेवर तीन चौक्या आहेत. पहिली मोरांची, दुसरी कोकिळांची. तिसरी खुद्द जडभैरवाची."

"आणि शब्द कोणता?"

"तो मला ठाऊक असता तर मीच नसतो का गेलो?" असे म्हणून त्याने तीन गिरक्या घेतल्या आणि तो किडे पकडायला उडून गेला.

हंसावलीने माळ ओलांडला, नदी ओलांडली आणि ती मोरांच्या सरोवराशी आली. मोरांचा राजा पिसारा आवरून पुढे झाला. "बाई, आमचा नाच जगात नावाजलेला. आवाजाचं मात्र काढू नका. आमच्या नाचाला कधी गाणं मिळालं नाही. तुम्ही बसून गा, आम्ही नाचतो. पण तुमचं बोट जरी हललं तरी वाट बंद."

वाटते तितके हे सोपे नव्हते. गाणे सुरू झाले की हंसावलीचे पाय आपोआप उठत. तिने मांडी घातली, दोन्ही अंगठे हातांत घट्ट धरले आणि ती गायला बसली. पहिले पद कसेबसे गेले. दुसऱ्या पदाला तिच्या ध्यानात आले की मोरांचा राजा म्हातारा आहे, वळताना तो जरा मागे पडतो. तिने तान थोडी लांबवली. म्हाताऱ्याचे वळण पुरे झाले, मग तिने तान सोडली. मोराच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. सरोवर दुभंगले आणि मधून कोरडी वाट निघाली.

पुढे कोकिळांची राई लागली. थोरली कोकिळा पानाआडून म्हणाली, "आम्ही जन्मभर पानाआड गातो. आमच्या गाण्याला कोणी अंग दिलं नाही. आम्ही गातो, तू नाच. पण ओठ मिटून. चकार शब्द निघाला तर वाट बंद."

हंसावलीने ओठ मिटले. आता आपण कधी श्वास घ्यायचा तेही तिच्या हाती राहिले नाही. कोकिळा थांबेल तिथे थांबायचे, कोकिळा चढेल तिथे चढायचे. दोनदा तिचे पाऊल पुढे धावले आणि तिने जीभ चावली. मग तिने घाई सोडली आणि ती नुसती ऐकू लागली. राईतल्या फांद्या हळूहळू बाजूला झाल्या. फांद्यांपलीकडे जडभैरवाचा महाल होता.

पुनवेचा दिवस होता आणि ऊन कलले होते. महालात जगातले सगळे उत्तम एकत्र उभे होते, आणि तिथे काही म्हणता काही घडत नव्हते. उत्तम मल्ल दंड थोपटायला हात उचलून उभा होता. उत्तम आचाऱ्याच्या हातात पळी होती. उत्तम कथेकऱ्याचे तोंड उघडे होते. शेवटी खिडकीपाशी लवंगलता हसत उभी होती.

जडभैरव सिंहासनावर बसला होता. "तीन शब्द देतो," तो म्हणाला. "खरा बोललीस तर हिला घेऊन जा. खोटा बोललीस तर तूही इथंच राहा. जागा आहे."

हंसावली म्हणाली, "लवंगलता श्रेष्ठ."

तिचे पाय घोट्यापर्यंत दगडाचे झाले.

"शब्द तोच, भीतीही तीच," जडभैरव म्हणाला.

हंसावलीला राग आला. "मग मी श्रेष्ठ!"

दगड गुडघ्यापर्यंत चढला.

"हे तर तू पिवळ्या पागोट्यांकडून ऐकलंस. आता एकच उरला. नीट विचार कर, सूर्य टेकत आला."

हंसावलीने लवंगलतेकडे पाहिले. ती नुसती दगडी बाहुली नव्हती. ते हसू हंसावलीमुळे फुलले होते आणि तिच्यामुळेच गोठले होते. हंसावलीला सांगण्यासारखे काही सुचेना. मग तिने सांगणे सोडून दिले आणि ती गाऊ लागली. पद तिचे नव्हते. ते लवंगलतेचे होते.

"उंबऱ्यावरती पाऊल माझे, आत येऊ की जाऊ?
साद घातली कुणी कळेना, कुठल्या वाटे पाहू?"

पाय दगडाचे, म्हणून ती मांडीवर तळव्याने ताल धरीत होती. 'आत येऊ की जाऊ' या जागी लवंगलता एक पाऊल उचलून हवेतच ठेवत असे. सम यायची, निघून जायची, पाऊल अधांतरीच. सगळ्या मांडवाचा जीव टांगणीला लागे, आणि मग कुठे ते टेके. हंसावली त्या जागेपर्यंत आली आणि तिचा आवाज थांबला.

"इथं तू काय करतेस ते मला अजून कळलं नाही," ती म्हणाली. "तुझ्या मांडवाच्या कनातीआड उभी राहून मी कितीदा ऐकलं. घरी दार लावून कितीदा करून पाहिलं. पाऊल मला उचलता येतं. टेकायचं कधी ते कळत नाही. मला ते हवं होतं, बाई. फार हवं होतं."

खिडकीतले ऊन लवंगलतेच्या गालावरून खाली उतरू लागले.

"वरचा सूर चढा लागला तुझा," लवंगलता म्हणाली. "नेहमीच लागतो."

तिचे हसू हलले, मग हनुवटी हलली, मग खांद्यांवरून दगडाची खपली गळून पडली. "आणि ते पाऊल तुला एकटीला जमायचं नाही. मला तरी एकटीला कुठं जमतं? माझ्या उजव्या कनातीखालून दोन पाय दिसायचे. माझं पाऊल वर गेलं की त्या पायांचे अंगठे वर व्हायचे. ते टेकले की मी टेकायची."

हंसावली बघतच राहिली. "तुला ठाऊक होतं?"

"साऱ्या राज्यात ते पाय दुसऱ्या कोणाचे असणार?"

"मग कधी बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू यायची बंद झाली असतीस."

हंसावलीला रडू फुटले. तिच्या गुडघ्यातला दगड उतरला, घोट्यातला उतरला, आणि तिने धावत जाऊन आपल्या वैरिणीला मिठी मारली. तेवढ्यात सूर्य मावळला, पण आता काळजापर्यंत चढायला दगडच उरला नव्हता. जडभैरवाच्या हातातला काळा गोटा ओल्या गुळासारखा वितळला आणि त्याच्या कोपरापर्यंत ओघळला.

मग महालात एकच गलका झाला. आचाऱ्याने पळी हलवून विचारले, "भात लागला का?" कथेकरी म्हणाला, "...तर मग काय झालं," आणि पुढे सुरू झाला. मल्लाने कधीचा अडकलेला हात दंडावर थोपटला, जडभैरवाला अलगद उचलले आणि विचारले, "याला कुठं ठेवू?"

"मी फक्त उत्तम ते सांभाळत होतो!" जडभैरव वरून ओरडला.

"सांभाळलंस खरं," लवंगलता म्हणाली. "पण त्यातलं एक तरी कधी ऐकलंस का रे?"

मग सगळे जण राजधानीत आले. मोदसेन महाराजांनी न्याय केला, की जडभैरवाने यापुढे प्रत्येक उत्सवात मांडवात सगळ्यांच्या मागे घोंगडीवर बसावे, गाणे ऐकावे आणि संपल्यावर सतरंज्या गुंडाळाव्यात. पहिल्या उत्सवात त्याने तोंड फिरवले. दुसऱ्यात त्याची मान जराशी डोलली. तिसऱ्यात तो 'वाहवा' म्हणाला आणि लाजला.

श्रेष्ठ कोण याचा निकाल मात्र लागला नाही, आणि लागूही नये. पागोटी पिवळी ती पिवळी राहिली, तांबडी ती तांबडी. फक्त लग्ने जुळू लागली, आणि राजाच्या पानात मीठ एकदाच पडू लागले.

त्या वर्षीच्या मोठ्या उत्सवात लवंगलतेने पुन्हा ते पद घेतले. हंसावली या वेळी कनातीआड नव्हती. पहिल्या रांगेत, राजाच्या शेजारी बसली होती. 'आत येऊ की जाऊ' आले. लवंगलतेचे पाऊल उचलले गेले आणि हवेत थांबले. तिने खाली पहिल्या रांगेकडे पाहिले.

हंसावलीने दोन्ही पाय हळूच लुगड्याखाली ओढून घेतले होते.

सम आली, गेली. दुसरी आली, गेली. पाऊल अधांतरीच. लवंगलतेने डोळे वटारले. हंसावली महाराजांशी पिकपाण्याचे बोलू लागली. सगळे नगर श्वास रोखून बसले. इतका वेळ ते पाऊल कधीच हवेत राहिले नव्हते, आणि इतके सुंदरही ते कधी दिसले नव्हते. शेवटी हंसावलीलाच राहवेना. तिने लुगड्याखालून एकच अंगठा बाहेर काढला, वर केला आणि टेकवला.

जसे लवंगलतेचे पाऊल त्या दिवशी समेवर पडले, तसे ऐकणाऱ्यांचे पडो, सांगणाऱ्याचे पडो.