भट्ट्या न पेटवण्याचा मोबदला

धामणपाड्याने कोळशाच्या भट्ट्या विझवून जंगल राखलं, म्हणून सरकार गावाला दरवर्षी मोबदला देई. धूर थांबला, डोंगर हिरवागार झाला. मग नवे साहेब पाहणीला आले आणि भरसभेत गरजले, "आता इथे धूर आहेच कुठे? झाडं तर आपोआप वाढतात. नुसतं बसून राहणाऱ्यांना पैसे कशाला? बंद करा!"

माणसं हबकली. पोटासाठी पुन्हा भट्ट्या पेटवाव्या लागणार! सरपंच चांगुणाबाई मात्र हसतच उठल्या.

"साहेब, तुमच्या बंगल्यावर पहारेकरी असेल ना? चोरी झाली का हो कधी?"

"छे! कधीच नाही," साहेब ऐटीत म्हणाले.

"मग तो फुकटच पगार खातोय. आजच काढून टाका की त्याला!"

सभा खदखदून हसली. साहेब आधी गोरेमोरे झाले, मग त्यांनाही हसू आवरेना. मोबदला चालू राहिला.